वाचक विचारतात: मुंगसाचं अनेकवचन, रायगडाचं टाकं आणि सुके बोंबील

प्रश्न: सर, मुलगा सातवीत आहे, इंग्लिश मीडियम. परवाच्या युनिट टेस्टला मंगूज या शब्दाचं प्लुरल विचारलेलं, त्याने गूजचं गीज होतं म्हणून मंगीज लिहिलं आणि मार्क गेला. त्यावरून घरी चर्चा सुरू झाली तर सासरे म्हणाले, "ह्यो शब्द आमचोच आसा, इंग्रजांनी न्हेल्यानी." मिस्टर म्हणतात असं काही नसतं, आपल्या लोकांना दिसेल तो शब्द आपलाच वाटतो. खरं काय ते एकदा सांगाच. (एक आई, देवगड)

उत्तर: ताई, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांचंच बरोबर आहे. आणि हे मी मराठीच्या प्रेमापोटी म्हणत नाहीये, इंग्रजीच्याच डिक्शनऱ्या म्हणतात. मेरियम वेबस्टर ही अमेरिकन डिक्शनरी उघडा, शब्दाच्या उगमापाशी सरळ मराठीचं नाव आहे आणि इंग्रजीत पहिल्यांदा सापडल्याचं साल दिलंय १६९८. हे साल कुठून आलं तर जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर होता, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्या काळात तो मुंबई-सुरत पट्ट्यात वावरत होता, आणि त्याचं जाडजूड प्रवासवर्णन लंडनला १६९८ साली छापून आलं. हा फ्रायर लक्षात ठेवा, पुढे बोंबलाच्या प्रश्नात तो परत लागणार आहे. त्याला इथे जे दिसलं ते त्याने इथल्याच नावाने लिहिलं, कारण साहेबाच्या देशात मुंगूस हा प्राणीच नाही, मग नाव कुठून असणार.

आता एक गंमत बघा. आपण शाळेत मंगूज, गूज असं शिकतो, पण इंग्रज माणूस शेवटी ज म्हणत नाही, स म्हणतो. गूस. आणि मंगूस. म्हणजे इंग्रजीचा खरा उच्चार आणि आपलं मुंगूस यात जेमतेम पहिल्या अक्षराचा फरक उरतो, आणि आपणच तो शब्द परत घेताना शेवटी उगाच ज लावून परका करून ठेवलाय.

स्पेलिंगचं म्हणाल तर सुरुवातीला ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं, तऱ्हेतऱ्हेची स्पेलिंग जुन्या पुस्तकांत सापडतात. पण अनोळखी शब्द कानावर पडला की माणूस त्यात ओळखीचं काहीतरी शोधतोच, इंग्रजाला त्यात गूस म्हणजे हंसासारखा तो पाळीव पक्षी ऐकू आला आणि स्पेलिंग हळूहळू तिकडे सरकलं. बाकी त्या पक्ष्याचा आणि मुंगसाचा संबंध इतकाच की मुंगूस त्याची अंडी खाईल.

म्हणून तुमच्या मुलाची चूक अगदी समजण्यासारखी आहे, पण मार्क गेला तो बरोबर गेला. गूसचं गीस होतं, फूटचं फीट, टूथचं टीथ, माउसचं माइस, हे सगळे इंग्रजीचे घरचे, फार जुने शब्द. एके काळी त्यांच्या अनेकवचनाच्या प्रत्ययात इ सारखा एक आवाज होता, त्या आवाजाने शब्दाच्या पोटातला स्वर आपल्याकडे ओढला, मग कालांतराने प्रत्यय गळून पडला आणि ओढलेला स्वर तसाच राहिला. हा सगळा प्रकार होऊन कित्येक शतकं लोटल्यावर मुंगूस इंग्रजीत पोचलं. तेव्हा ते कारखाने बंद झाले होते, नव्या शब्दाला नुसतं एस लावायचं. मंगूसेस. तसाच मूस, तो अमेरिकेतला मोठा सांबरासारखा प्राणी, त्याचं नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या अल्गाँकियन भाषांतून आलं, त्याचं मीस होत नाही, अनेकवचनही मूसच. एकदोन डिक्शनऱ्यांत मंगीसही दुय्यम रूप म्हणून दिलेलं सापडेल पण मुलाला ते परीक्षेत लिहू देऊ नका, वाद घालायला तुम्हालाच शाळेत जावं लागेल.

आता मिस्टरांच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे, कारण सासऱ्यांचं "आमचोच" हे पूर्ण खरं नाही. संस्कृतात मुंगसाला काय म्हणतात? नकुल. पांडवांतला चौथा तोच. त्या नकुलवरून हिंदीत नेवला झाला, गुजरातीत नोळियो झाला. मग मराठीत तसलं काहीतरी का नाही? कारण आपण हा शब्द वरून नाही, खालून घेतलाय. कन्नडमध्ये मुंगुसि, तेलुगूत मुंगिस. या बाबतीत मराठी उत्तरेकडच्या बहिणींना सोडून दक्षिणेच्या पंक्तीला जाऊन बसली आहे, आणि हे फक्त मुंगसापुरतंच आहे असं नाही, अक्का, अण्णा आठवून बघा. म्हणजे इंग्रजांनी आपल्याकडून नेला आणि आपण कानडी-तेलुगू बाजूने आणला. चोरीचा माल म्हणायचंच तर दोघांनाही म्हणावं लागेल.

पुढे तो शब्द कुठे कुठे गेला ते तर भारीच आहे. फ्रेंचमध्ये मांगूस्त, स्पॅनिशमध्ये मांगोस्ता. आफ्रिकेत पट्ट्यापट्ट्याचं एक मुंगूस असतं, त्याचं शास्त्रीय नाव मुंगोस मुंगो, त्या प्राण्याने दख्खन कधी पाहिली नाही पण नाव इकडचं. (पण उडदाचं शास्त्रीय नाव विग्ना मुंगो आहे त्यावरून मुंगसाकडे जाऊ नका, ते मूग वरून आलंय. आणि मुगाचं नाव उडदाला दिलंय, मुगाला नाही. शास्त्रज्ञ पण माणसंच शेवटी.)

नावाबरोबर प्राणीही फिरला. १८७२ साली जमैकात उसाच्या मळ्यांतले उंदीर आवरत नव्हते म्हणून कलकत्त्याहून मुंगसं नेऊन सोडली, तिथून १८८३ ला हवाईत. उंदीर रात्री बाहेर पडतात आणि मुंगूस दिवसा फिरतं, हे आपल्याकडचं शेंबडं पोरगंही सांगेल, पण ते विचारायला कुणी आलं नाही. मुंगसांनी उंदीर खाल्ले थोडेफार, बाकी पक्षी, पक्ष्यांची अंडी, सरडे, जे सहज मिळालं ते साफ केलं. जपानने तर तोच घोळ १९७९ मध्ये अमामी बेटावर घातला, विषारी साप मारायला मुंगसं सोडली आणि मग ती मुंगसं संपवायला त्यांना २०२४ साल उजाडलं.

तुमच्याकडे देवगडला कलमांच्या बागेत गडग्याच्या दगडांमधून मुंगूस बाहेर येतं ते मुलाला दाखवा. आधी नाक येतं, मग अर्धं अंग, मग मागच्या दोन पायांवर उभं राहून ते एकदा आपल्याकडे बघतं आणि दुसऱ्या क्षणाला पलीकडच्या गवतात शेपटीचं टोक तेवढं दिसतं. "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ" हे त्याला येतं का विचारा. येत नसेल तर मार्क गेल्यापेक्षा ते जास्त वाईट. आणि मराठीत अनेकवचन मुंगसं, मुंगूसं नाही, मधला ऊ जातो. ते पण एकदा विचारून घ्या.

प्रश्न: रायगडला ट्रेकला गेलेलो तेव्हा बारा टाक्यांपाशी आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला की इंग्लिशमधला टँक हा शब्द आपल्या टाक्यावरून गेलाय, अगदी रणगाड्याचा टँकसुद्धा. सगळे हसले त्याला. मला पण पटलं नाही पण घरी येऊन डोक्यात राहिलं. काही तथ्य आहे का? (कॉलेज विद्यार्थी, महाड)

उत्तर: हसलेल्यांनी त्याला एक चहा पाजावा. तथ्य आहे, फक्त इथे मुंगसासारखं एका ओळीत उत्तर नाही.

टँक हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, १६१० च्या दशकात, हिंदुस्थानातल्या पाण्याच्या साठ्यासाठी म्हणून आला. तेव्हा त्याचा अर्थ तलाव, कुंड, टाकं असाच होता, पत्र्याची टाकी नाही. अजूनही मुंबईच्या बाणगंगेला इंग्रजीत बाणगंगा टँकच म्हणतात, तो त्या जुन्या अर्थाचा टँक. डिक्शनऱ्या उगमात गुजराती टांकं आणि मराठी टाकें ही रूपं देतात. मग पेच कुठे आहे, तर पोर्तुगीजांकडे. त्यांच्या भाषेत टांक म्हणजे पाण्याचा हौद, आणि तो शब्द त्यांच्या घरचा आहे, पाणी अडवणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. म्हणजे वास्को द गामा १४९८ ला कालिकतला उतरला तेव्हा त्याच्या माणसांच्या तोंडात टांक होता आणि किनाऱ्यावर पुढे त्यांना टाकं भेटलं. दोन वेगवेगळ्या भाषांत सारख्या आवाजाचे, सारख्या अर्थाचे शब्द असणं हे दुर्मिळ पण अशक्य नाही. काही विद्वान म्हणतात आपलं टाकं पोर्तुगीजांकडून आलं. मला ते पटत नाही. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर खडकात कोरलेली टाकी आहेत, कोरताना निघालेला दगड तटाला लावायचा आणि खड्ड्यात पाऊस साठवायचा, हे तंत्र पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीचं, आणि पाथरवटाच्या छिन्नीलाही आपण टाकीच म्हणतो, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही त्यातली टाकी. इतक्या घरगुती शब्दाला लिस्बनहून आणायची गरज काय. पण इंग्रजीपुरतं बोलायचं तर इंग्रजांनी ऐकलं इथल्या लोकांकडून आणि ते पक्कं व्हायला पोर्तुगीज टांकची मदत झाली, असंच समजणं सगळ्यात प्रामाणिक.

आता रणगाडा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी खंदक ओलांडणारी लोखंडी गाडी बनवायला घेतली, लिंकन गावच्या एका कारखान्यात, आणि ती गुप्त ठेवायची होती. आधी त्या प्रकाराला लँडशिप म्हणजे जमिनीवरचं जहाज म्हणायचे, पण त्या नावावरूनच सगळं कळतंय. मग कामगारांना सांगितलं की हे मेसोपोटेमियाच्या वाळवंटात पाणी न्यायचं यंत्र आहे. पाणीवाहक म्हणजे वॉटर कॅरियर, त्याची आद्याक्षरं डब्ल्यू सी, म्हणजे इंग्रजीत संडास, आणि आपल्या कमिटीला डब्ल्यू सी कमिटी म्हणवून घ्यायला कोण साहेब तयार होईल. सिस्टर्न, रिझर्व्हायर अशी नावं पण चर्चेत आली, शेवटी डिसेंबर १९१५ मध्ये सुटसुटीत म्हणून टँक ठरलं. गाड्या बाहेर नेताना वरती रशियन लिपीत पेट्रोग्राडचा पत्ता पण लिहिला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं माल रशियाला चाललाय. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत त्या पहिल्यांदा बाहेर पडल्या, आणि तोवर नाव इतकं चिकटलं होतं की गुपित फुटल्यावरही कुणी बदललं नाही.

आपण मात्र त्याला रणगाडा म्हटलं, हे फार छान झालं. आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या आपल्या जिल्ह्यांत एप्रिल-मेमध्ये वाडीवर पाण्याचा टँकर येतो तो त्याच घराण्यातला. वरती गडावर टाक्यात पाणी आणि खाली गावात टँकरची वाट. असो, तो प्रश्न या सदराचा नाही.

प्रश्न: सुक्या बोंबलांना इंग्रजीत बॉम्बे डक का म्हणतात? आमच्याकडे मुंबईहून आलेले एक पाहुणे सांगत होते की पूर्वी बोंबील मेल ट्रेनने जायचे, बॉम्बे डाक, त्या डब्याला वास मारायचा म्हणून वासाच्या प्रत्येक गोष्टीला बॉम्बे डाक म्हणायला लागले आणि त्याचं डक झालं. (अलिबागहून एक काका)

उत्तर: काका, ही गोष्ट मला पण पाच वेगवेगळ्या माणसांनी सांगितली आहे आणि प्रत्येकाने आपल्या आजोबांच्या नावावर. ऐकायला झकास, पण तारखांशी जुळत नाही. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. ऑक्सफर्ड डिक्शनरी बॉम्बे डकचा छापील दाखला १८५० चा देते. गाडीच नाही तर डाकेचा डबा कुठून आणि वास कुठून.

याहून जुना पुरावाही आहे. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजांना बाकीचे इंग्रज गमतीने डक्स म्हणायचे, मद्रासवाल्यांना मल्स, बंगालवाल्यांना कोई हाय. हे डक्स १८०३ मध्ये एल्फिन्स्टनच्या लिखाणात आहे, तोच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. हॉब्सन जॉब्सन नावाचा जो जुना अँग्लो-इंडियन शब्दकोश आहे, १८८६ चा, त्याचं मत असं की माणसांचं हे टोपणनाव माशावरूनच पडलं. म्हणजे मासा डक झाला तो रेल्वेच्या निदान पन्नास वर्षं आधी.

आणि बोंबील हा शब्द तर इंग्रजांना त्याहून आधी माहीत होता. आपला फ्रायर परत आला बघा. त्याने माझगावबद्दल लिहिताना, हे मासेमारीचं मोठं गाव आहे आणि इथला बंबेलो नावाचा मासा गरिबांचं खाणं आहे, असं नोंदवलंय. बंबेलो म्हणजे बोंबीलच की. बंबेलोचं पुढे बमेलो, बमलो असं होत गेलं. मग डक कशाला जोडलं? माझा अंदाज साधा आहे, साहेबलोक हलक्या खाण्याला भारी खाण्याचं नाव देऊन हसतात, चीज-टोस्टला वेल्श रॅबिट म्हणतात त्यात ससा कुठे असतो, तसं सुक्या माशाला बदक. आणि बोंबील, बॉम्बे हे कानाला जवळ, ते आपोआप जुळलं असणार.

पाहुण्यांना दुसरी एक खरी गोष्ट सांगा, ती यापेक्षा रंगतदार आहे. १९९७ मध्ये युरोपियन कमिशनने आपल्याकडून येणाऱ्या या माशावर बंदी घातली, कारण काय तर तो मान्यताप्राप्त फॅक्टरीतून येत नाही. बरोबरच आहे, तो उन्हात, बांबूच्या मांडवावर, जबड्यात जबडा अडकवून दोन-दोनच्या जोडीने दोरीवर लटकून येतो. इंग्लंडात त्यावर बॉम्बे डक वाचवा अशी रीतसर मोहीम झाली आणि २००० च्या सुमारास मार्ग निघाला. लोकांना वास नको असतो पण बोंबील पाहिजे असतो.

प्रश्न: काजू हा शब्द इंग्रजी कॅश्यूवरून आपल्याकडे आला ना? (वेंगुर्ला)

उत्तर: नाही, वेंगुर्लेकरांनी तरी असं विचारू नये. झाड ब्राझीलचं, तिथल्या तुपी लोकांचा शब्द अकाजू, पोर्तुगीजांनी त्याचं काजू केलं आणि झाडासकट आपल्या किनाऱ्यावर आणलं. आपण पोर्तुगीजांच्या तोंडून घेतला तो जवळजवळ तसाच ठेवला, इंग्रजांनी पण त्यांच्याकडूनच घेतला आणि कॅश्यू करून ठेवला. तेव्हा दोन्ही शब्द एकाच बापाचे, आणि आपला बापाच्या वळणावर जास्त गेलाय. काजूच्या फळाला आपण बोंडू म्हणतो ते मात्र आपलं स्वतःचं.

प्रश्न: पॉश हा शब्द मुंबई-लंडन बोटींवरून आला असं वाचलं. लंडनहून इकडे येताना डाव्या बाजूची आणि परत जाताना उजव्या बाजूची केबिन सावलीत असायची, ती महाग, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर पोर्ट आउट स्टारबोर्ड होम याची आद्याक्षरं छापायचे. हे खरं का? (रत्नागिरी)

उत्तर: सावलीचं खरं आहे, तिकिटाचं नाही. या बोटी चालवणाऱ्या पी अँड ओ कंपनीचं तसलं शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, आणि त्या कंपनीची तिकिटं जपून ठेवणारे लोक कमी नाहीत. आद्याक्षरांवरून शब्द बनवायची फॅशन मुळात विसाव्या शतकातली, रडार, लेझर वगैरे. पॉश त्याआधी १८९० च्या सुमाराला लंडनच्या बोलीत ऐटबाज छचोर माणसासाठी होताच, आणि त्याही आधी तिथल्या गल्लीबोळातल्या भाषेत पॉश म्हणजे चिल्लर पैसे, तो रोमानी म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांच्या बोलीतल्या अर्धा या अर्थाच्या शब्दावरून आला असं बरेच अभ्यासक धरतात. आणि रोमानी लोक हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातूनच तिकडे गेले, त्यामुळे तुम्हाला शब्द भारतातून बोटीनेच न्यायचा हट्ट असेल तर बोट सोडा, पायी नेता येईल.